बोदनारमास्तरांचं सोनेरी कार्ड

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना ग्रेड वाटलेल्या माणसाला म्हातारपणी कुणी ग्रेड देऊ नये. द्यायचीच झाली, तर निदान 'सी' तरी देऊ नये. एवढं तारतम्य त्या विमा कंपनीतल्या पोरीने बाळगलं असतं, तर बोदनारमास्तर भर जानेवारीत पाच पाच वेळा सीमा ओलांडायला गेले नसते आणि पुढचं रामायणही घडलं नसतं.

ओरेस्ट बोदनार हे कॅनडात, मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगच्या एका शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले मास्तर. गल्लीत त्यांना सगळे मास्तरच म्हणत, काही आदराने, काही चेष्टेने. कोण कशाने म्हणतं हे शोधण्याच्या भानगडीत मास्तर पडत नसत. त्यांची एकुलती एक मुलगी नतालका लग्न होऊन सीमेपलीकडे, अमेरिकेत फार्गोला. तिला पहिलं बाळ व्हायचं होतं, तारीख बावीस जानेवारी. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलेलं. जावई एरिक बिटाच्या साखर कारखान्यात, आणि ऐन हंगामात साखर कारखान्यातल्या माणसाला रजा किती मिळते ते मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा मास्तर आणि त्यांची बायको डोरिन यांनी महिनाभर तिकडे जाऊन राहायचं ठरलं.

आता यात मास्तरांचं एक जुनं दुखणं होतं. तेहेतीस वर्षांपूर्वी नतालका जन्मली, तेव्हा मास्तर दूर दुसऱ्या गावी, ब्रँडनला होते. कर्लिंगच्या स्पर्धेत. बर्फावरून दगड घसरवत. सामना हरले तो हरलेच, वर घरी आले तेव्हा मुलगी दोन दिवसांची झालेली. तेव्हापासून बोदनारांच्या घरात ऐन वेळी जो कुणी जागेवर नसेल तो 'ब्रँडनला गेला' असं म्हणायची पद्धत पडली. वेळेवर न येणारा प्लंबर ब्रँडनला, नेमका सापडत नाही तो चष्मा ब्रँडनला. मास्तर हसत, पण आतून कुठेतरी लागायचं. म्हणून या वेळी त्यांनी मुलीला फोनवर शब्द दिला.

"नतालका, या वेळी मी खोलीच्या दाराबाहेर उभा असेन. आभाळ कोसळलं तरी."

"बघू हं, तातो," नतालका म्हणाली; बापाला ती तातो म्हणे. त्या 'बघू'मध्ये तेहेतीस वर्षं होती, हे मास्तरांना बरोबर कळलं.

घोडं अडलं ते विम्यापाशी. आपल्या सरकारी आरोग्य कार्डाला सीमेपलीकडे कुत्रं विचारत नाही. तिकडे नुसतं पडून पाय मोडला तरी माणूस घरदार विकून लंगडत परत येतो, असं समोरच्या इर्मा टेव्सबाईंचं म्हणणं. इर्माबाई दर शनिवारी गल्लीत ताजे बन वाटत आणि प्रत्येक बनाबरोबर एक भयकथा. "माझा मामेभाऊ कॉर्नीलियस," त्या म्हणाल्या, "टेक्ससला गेला नि खुब्याचं हाड मोडलं. सहा दिवस दवाखान्यात होता. आता मुलाच्या तळघरात राहतो. बन घे ना, ओरेस्ट, गरम आहेत." मास्तरांच्या घशाखाली तो बन उतरला नाही.

डोरिनने मग विमा कंपनीला फोन लावला. तिचं काम सहा मिनिटांत उरकलं. "वर्ग ए," ती म्हणाली आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. मास्तर खुर्चीत ताठ बसले. जन्मभर परीक्षा घेतलेल्या माणसाला तोंडी परीक्षेची कसली भीती!

पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारायला सुरुवात केली. जिना चढताना धाप लागते का? रात्री किती वेळा उठावं लागतं? पोट साफ होतं का? कधीपासून होत नाही? डोरिन शेजारीच विणत बसलेली, आणि तिची सुई प्रत्येक उत्तराला थांबत होती. मास्तरांचे कान लाल झाले.

"गेल्या नव्वद दिवसांत औषधात काही बदल, सर?"

"हो!" मास्तर उजळले. "रक्तदाबाची गोळी. डिसेंबरात डॉक्टरांनी निम्मी केली."

"म्हणजे बदल आहे."

"अहो, कमी केली. मी सुधारलोय!"

"बदल म्हणजे बदल, सर. वाढो की कमी होवो. तुमची प्रकृती आम्ही अस्थिर धरतो. तुमचा वर्ग सी."

मास्तरांनी फोन ठेवला. आपटला म्हटलं तरी चालेल. "सी!" ते म्हणाले. "जो सुधारला त्याला सी! आमच्या शाळेत चाळीसवरून साठवर आलेल्या पोराच्या पाठीवर मी थाप मारायचो. हिने मला अस्थिर ठरवलं. मी! अस्थिर!" असं म्हणत ते स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात अशा अकरा फेऱ्या मारून आले.

"पैसे जरा जास्त पडतील, पण घेऊन टाक," डोरिन म्हणाली. "त्यात रक्तदाबही धरलाय."

"प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे," मास्तर म्हणाले. मास्तर तत्त्वावर आले की डोरिन विणकामावर जायची, तशी ती गेली.

नेमका त्याच संध्याकाळी शेजारचा गॉर्ड पेस्केट बर्फ लोटायचं यंत्र परत द्यायला आला. गॉर्डने सगळी हयात ट्रॅक्टर विकण्यात घालवलेली, त्यामुळे त्याला जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला देता येत असे. "काय मास्तर, विमा?" तो म्हणाला. "पाकिटात सोन्याची खाण घेऊन फिरतोस आणि दारोदार विमा मागतोस? ते तुझं सोनेरी क्रेडिट कार्ड काय दाढी करायला ठेवलंयस? त्याच्यात प्रवासाचा वैद्यकीय विमा फुकट असतो. फुकट! माझ्या मेव्हण्याला ॲरिझोनात विंचू चावला, कार्डाने सगळं भरलं. विंचू मोठा होता."

मास्तरांनी कार्डाबरोबर आलेली पुस्तिका शोधून काढली, भिंग घेतलं आणि बारीक अक्षरांत शिरले. कार्डात विमा होता, खरंच होता. चौसष्ट वर्षांपर्यंत सलग पंधरा दिवस. पासष्ट पूर्ण झाल्यावर सलग चार. मास्तरांना ऑक्टोबरातच पासष्टावं सरून सहासष्टावं लागलेलं.

दुसरा कुणी असता तर इथे शहाणा झाला असता आणि मुकाट्याने सी ग्रेड घेतली असती. पण भूमितीचा मास्तर अडला की रेघ वाढवून बघतो. पान अकरावर लिहिलं होतं, की आपला प्रांत सोडल्यापासून दिवस मोजायचे आणि प्रांतात परत आलं की प्रवास संपला. म्हणजे पुन्हा निघालं की नवा प्रवास, नवे चार दिवस! मास्तरांनी कार्डाच्या कचेरीत फोन केला, पंचेचाळीस मिनिटं बासरी ऐकली आणि मग विचारलं, "परत आल्यावर प्रांतात किती वेळ थांबावं लागतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे वीस मिनिटं चालतील का?"

पुन्हा बासरी. मग कुणी वरिष्ठ आला. "असं आजवर कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "किती वेळ ते पुस्तिकेत लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही म्हणजे मनाई नाही. सिद्ध झालं," असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला. फार्गोहून सीमा अडीच तासांवर. दर चौथ्या दिवशी गाडी काढायची, सीमा ओलांडून लगेच अलीकडे, मॅनिटोबातल्या एमर्सनला यायचं, कॉफी प्यायची, पावती घ्यायची आणि परत फिरायचं. डोरिनला हे सांगितलं तेव्हा तिने सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "अडीच जायला, अडीच यायला. कॉफीसाठी." "विम्यासाठी," मास्तरांनी दुरुस्ती केली.

पाच जानेवारीला दोघं फार्गोला पोचली. आता मास्तर घरात असणं म्हणजे काय, हे जरा सांगायला हवं. त्या माणसाला एका जागी बसवत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी नतालकाच्या फळीवरचे मसाले आद्याक्षरांनुसार लावले, त्यामुळे कुणालाच मीठ सापडेना. दुसऱ्या दिवशी पाळण्याच्या दोन गजांमधलं अंतर मोजून त्यांनी पाळणा सोडवला, आणि जोडताना एक स्क्रू उरला. उरलेला स्क्रू हातात धरून ते तिसरा दिवसभर घरभर फिरले. नतालका डोळे मिटून पडली की दार हळूच उघडायचं आणि "झोपलीस का?" असा आवाज यायचा.

"झोपले होते, तातो."

"झोप, झोप. मी काही बोलत नाही. तो स्क्रू लांब होता की आखूड?"

तेव्हा आठ तारखेला, म्हणजे चौथ्या दिवशी, मास्तर सकाळी सातला गाडी काढून गेले, तर त्या घराने सुटकेचा श्वास सोडला असं कुणी म्हटलं तर ते खोटं ठरायचं नाही. मास्तरांना मात्र वाटत होतं की आपण घरासाठी केवढी दगदग सोसतोय. बाहेर उणे एकतीस. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना पांढरं, आणि पुढे काय आहे तर आणखी पांढरं. एमर्सनला त्यांनी कॉफी घेतली, एक डोनट घेतला, पावतीवर तारीख-वेळ नीट उमटल्याची खात्री केली आणि बावीस मिनिटांत परत फिरले. अमेरिकन चौकीवर एक उंच बाई होती.

"कुठे निघालात?"

"फार्गोला. मुलीकडे."

"कॅनडात किती वेळ होतात?"

"बावीस मिनिटं."

"बावीस मिनिटांत केलंत काय?"

"कॉफी प्यायलो."

"फार्गोत कॉफी मिळत नाही?"

"मिळते," मास्तर म्हणाले, "पण ती अमेरिकेत मिळते."

त्या बाईने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. त्या दिवशी तिने सोडलं. अकरा तारखेला तोच माणूस, तीच गाडी, तेवढीच मिनिटं, तेव्हा मात्र तिने गाडी बाजूला घ्यायला लावली. त्यातून त्या दिवशी गॉर्ड पेस्केट एमर्सनला आलेला. त्याने मास्तरांचं टपाल आणलं होतं, आणि डोरिनने सांगितलं म्हणून त्यांच्या फ्रीजरमधल्या होलुब्त्सीही आणलेल्या. चर्चच्या बायकांनी कोबीच्या पानांत गुंडाळून केलेल्या, मोजून अठ्ठेचाळीस. आत डुकराचं मांस, ते सीमेपार न्यायला बंदी, म्हणून चौकीवाल्यांनी त्या तिथेच ठेवून घेतल्या. मग मागच्या सीटवर पावत्यांची फाइल सापडली.

"हे काय?"

"पुरावा."

"कशाचा?"

मास्तरांनी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. गोळी निम्मी झाल्यापासून. मध्ये एकदा त्यांनी बर्फावर बोटाने आकृतीही काढून दाखवली. ती बाई ऐकत राहिली, मग आत जाऊन दोघांना बोलावून आणलं आणि म्हणाली, "यांना पुन्हा सांगा." त्या दोघांनीही ऐकलं. तिघं हसले नाहीत, पण हसू दाबायला तोंडं वळवली ती मास्तरांनी पाहिली. एका भूमितीच्या शिक्षकाला उणे अठ्ठावीसमध्ये टोपी काढून खिसे उलटे करावे लागले, याचं त्यांना फार वाईट वाटलं. होलुब्त्सींचं डोरिनला वाईट वाटलं.

चौदा तारखेला पुन्हा टपाल घेऊन आलेल्या गॉर्डने नवीनच शंका काढली. "मास्तर, पावती कुणीही उचलून आणेल. कार्डवाले म्हणतील, हा माणूस आलाच नव्हता. ओलीस धरलेल्या लोकांचा फोटो कसा काढतात, हातात त्या दिवसाचा पेपर देऊन? तसा काढू." मग मॅनिटोबात स्वागत करणाऱ्या पाटीखाली बोदनारमास्तर पेपर छातीशी धरून उभे राहिले आणि गॉर्डने फोटो काढला. वाऱ्याने पेपर तोंडावर येत होता, म्हणून चार वेळा काढावा लागला. एका ट्रकवाल्याने गाडी हळू करून विचारलं, "काका, पोलिसांना बोलवू का?" सतराला मास्तर पेपर विसरले, म्हणून परत सात किलोमीटर गेले.

या येण्याजाण्यात मास्तरांचं रक्त किती आटलं म्हणाल! घरी असले की चौथ्या दिवसाची काळजी आणि वाटेत असले की घरची. आपण सीमेवर असताना कळा आल्या तर? दर अर्ध्या तासाला गाडी बाजूला घेऊन ते फोन करायचे. "काही झालं का?" "काही नाही." "नक्की?" "ओरेस्ट, तिला आत्ता कुठे डोळा लागलाय. फोन ठेव." सतराच्या रात्री त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून हिशेब मांडला. वीसला एकदा जाऊन आलं की तेवीसपर्यंत बघायला नको. बावीस तारीख मधोमध बसत होती. गणित कसं चपखल बसलं, म्हणून स्वारी खूश झाली.

वीसची सकाळ स्वच्छ उजाडली. पण रेडिओ सांगत होता, उत्तरेकडून वादळ येतंय, दुपारी रस्ते बंद होतील. डोरिन ओट्यापाशी उभी होती. "आज नको जाऊस," ती म्हणाली.

"आज चौथा दिवस."

"असू दे. रात्रीपासून तिची पाठ दुखतेय. मला लक्षण ठीक दिसत नाही."

"वादळ दुपारी आहे. मी दुपारी इथे असेन. आज गेलो नाही तर उद्यापासून मी उघडा. उद्या या घराच्या पायरीवर घसरलो तर? इर्माचा तो मामेभाऊ..."

"ओरेस्ट, थांब, मला तुला एक सांगायचंय."

"आल्यावर सांग!" मास्तरांनी घड्याळावर बोट आपटलं आणि गेलेसुद्धा. डोरिन दारापर्यंत धावली, पण तोवर गाडी वळणावर होती.

साडेनऊला ते एमर्सनला होते. गॉर्ड टपाल घेऊन हजर. कॉफी झाली, पावती झाली, पेपरवाला फोटोही झाला, आणि फोटोत मागे ती पाटी दिसेना. दिसेना म्हणजे पाटी होती, पण मधे बर्फ होतं. वादळाने रेडिओ ऐकला नसावा, ते दोन तास आधीच आलं. मास्तर गाडीकडे धावले तर दक्षिणेच्या वाटेवर आडवा दांडा पडलेला आणि त्याच्यापुढे लाल दिवे लुकलुकताहेत. रस्ता बंद. उत्तरेचाही बंद. मास्तरांनी दांड्याशी उभ्या असलेल्या माणसाला विनवलं, मुलगी सांगितली, दिलेला शब्द सांगितला, ब्रँडनही सांगितलं. तो म्हणाला, "काका, मला माझ्या बुटाचं टोक दिसत नाहीये. आत जाऊन बसा."

आत कॉफीच्या दुकानात आल्यावर मास्तरांच्या ध्यानात आलं, की आपण मॅनिटोबात आहोत. सरकारी आरोग्य कार्ड खिशात. इथे खुबा मोडो, विंचू चावो, एक छदाम लागणार नाही. त्या घटकेला त्यांच्याइतका सुरक्षित माणूस अख्ख्या खंडात नव्हता, आणि त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं.

अकराला फोन वाजला. डोरिन होती. "पाणी गेलंय. दवाखान्यात पोचलोय. एरिक आलाय कारखान्यातून. तू कुठपर्यंत आलास?"

"डोरिन, रस्ता बंद झाला."

ती म्हणाली, "मी सकाळी सांगत होते तुला. तुला जायची गरज नव्हती. कधीच नव्हती. निघायच्या आधीच मी तुझा विमा घेतलाय."

"कुठला विमा?"

"तोच. सी वर्गाचा. तू फोन आपटलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी परत केला. त्यांनी कागद पाठवला, त्यावर तू सही केलीस. कर्लिंग क्लबची वर्गणी म्हणून."

मास्तर एका खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. "आणि माझं कार्ड?"

"तुझ्या कार्डाचं पान एकोणीस वाच. नव्वद दिवसांत गोळी बदलली असेल तर रक्तदाबाचं ते काही भरत नाहीत. त्यांच्याकडेही तू अस्थिरच आहेस, राजा. तू पाच वेळा गेलास ते फक्त पायरीवरून घसरण्याच्या विम्यासाठी."

"आणि तू मला जाऊ दिलंस!"

"दिलं," डोरिन म्हणाली, आणि तिचा आवाज जरा ओला झाला. "चार दिवसांतून एक दिवस पोरीला झोप मिळायची, ओरेस्ट. तू त्या स्क्रूबद्दल विचारायचास ना, ते थांबायचं. मला वाटलं, एवढं चालेल. आज मात्र नको होतं. आज मी आधीच बोलायला हवं होतं. चुकलंच माझं."

मास्तरांना रागवायचं होतं. शब्दही तयार होते, चांगले जाड जाड. पण तो उरलेला स्क्रू त्यांच्या कोटाच्या खिशात होता आणि त्यांचा हात त्याच्यावर पडला. ते म्हणाले, "तू तिच्याजवळ जा. फोन ठेव."

मग सुरू झाल्या येरझाऱ्या. डोनटच्या काचेपासून संडासाच्या दारापर्यंत चौदा पावलं, परतीची चौदा. दुकानात अडकलेले सात-आठ ट्रकवाले आधी त्यांच्याकडे बघत होते, मग पाय आवरून घेऊ लागले. गॉर्ड पेस्केट, ज्याच्याकडे कशावरही सल्ला असायचा, तो तोंड उघडायचा आणि मिटायचा. शेवटी म्हणाला, "मास्तर, तो विंचू... तो मेव्हण्याला चावलाच नव्हता. बुटात सापडला होता नुसता." मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चालू लागले.

चारला वीस कमी असताना फोन आला. या वेळी एरिकचा. त्याने फोन नुसता धरला होता. आणि त्यातून एक आवाज आला, चिडलेला, कर्कश, भलताच ठाम. मास्तर जागच्या जागी थांबले. त्यांनी फोन उंच धरला, आणि ट्रकवाल्यांनी टोप्या काढल्या. गॉर्ड तर हमसून हमसून रडायला लागला.

"मुलगी आहे," एरिक म्हणाला. मग नतालकाचा आवाज, दमलेला. "तातो? कुठे आहेस तू?"

खिडकीबाहेर काही म्हणता काही दिसत नव्हतं. मास्तर म्हणाले, "ब्रँडनला."

पलीकडे ती हसायला लागली. "तातो, हसवू नकोस रे, दुखतंय," असं म्हणत हसत राहिली, आणि कुठल्या क्षणी ती रडायला लागली ते मास्तरांना कळलं नाही, कारण त्यांचंही तेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता उघडला. बर्फ लोटणाऱ्या गाडीच्या मागोमाग पहिली गाडी मास्तरांची. चौकीवर तीच उंच बाई. "आज एकदम दिवसभर राहिलात कॅनडात?" तिने विचारलं. "आज काय आणलंत?"

"एक स्क्रू," मास्तर म्हणाले. "पाळण्याचा आहे. नात झाली." त्या बाईने गाडी तपासली नाही, काही विचारलं नाही, नुसता हात हलवला.

दवाखान्यात नतालका उशांना टेकून बसली होती आणि बाळ कापडात घट्ट गुंडाळलेलं. "अगदी तुमच्या वळणावर गेलंय म्हणे, रागीट आहे," नर्स म्हणाली. "जन्मल्या जन्मल्या आम्ही गुण देतो ना, दहापैकी नऊ मिळालेत हिला."

"एक का कापला?" मास्तरांनी ताबडतोब विचारलं.

"हातपाय जरा निळसर होते. बहुतेकांचे असतात. दहापैकी दहा आम्ही सहसा देत नाही."

"मीही कधी दिले नाहीत," मास्तर म्हणाले. त्या नर्सबद्दल त्यांना एकदम आदर वाटला.

डोरिनने पर्समधून घडी केलेला कागद काढला आणि नवऱ्यापुढे धरला. मास्तरांनी चष्मा लावला. खाली त्यांचीच सही, वर त्यांचं नाव, आणि नावापुढे चौकटीत छापलेलं अक्षर. त्यांनी ते बराच वेळ वाचलं. एवढा वेळ लागावा असं त्या अक्षरात काही नव्हतं.

"सी," ते म्हणाले. "दयाळू लोक दिसतात. पेपर माझ्याकडे आला असता तर मी नापास केलं असतं."

"बस झालं," नतालका म्हणाली. "फेरपरीक्षा देतोस का? मग हात धू आणि इकडे ये. तिथे बस. मांडी कर. डोकं धर तिचं, असं नाही, असं."

मास्तर बसले. बाळ त्यांच्या कोपराच्या घडीत आलं, जरा कुरकुरलं आणि झोपलं. पाच मिनिटं गेली, वीस गेली, तासाच्या वर गेला. एरिक कारखान्यात गेला, नर्सची पाळी बदलली. अडीच हजार किलोमीटर गाडी हाकलेला तो माणूस तसूभर हलला नाही. डोरिनलाच शेवटी राहवेना. ती हळूच म्हणाली, "ओरेस्ट, पाय आखडले असतील तुझे. ऊठ जरा, चक्कर मारून ये."

"गप," मास्तर पुटपुटले. "पेपर चालू आहे."